दुनळी, मॅगझिन आणि तीनशे पंधरा

शस्त्र (दुरुस्ती) अधिनियम, २०१९ हा १४ डिसेंबर २०१९ रोजी अमलात आला आणि ग्वाल्हेर, इंदूर, देवास, धार या बाजूच्या अनेक जुन्या मराठी घरांत एक अनपेक्षित प्रश्न उभा राहिला. १९८३ च्या दुरुस्तीपासून एका व्यक्तीस तीन शस्त्रे बाळगण्याची मुभा होती. नव्या अधिनियमाने ही संख्या दोनवर आणली. मूळ विधेयकात तर एकच शस्त्र ठेवण्याची तरतूद होती. बरीच ओरड झाल्यावर एकाचे दोन झाले. उरलेले शस्त्र एका वर्षाच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, असे ठरले. वडिलोपार्जित शस्त्रांनाही सवलत नव्हती. वारसाहक्काने परवाना देतानासुद्धा दोनाची मर्यादा ओलांडता येणार नाही, असे कलमातच स्पष्ट केलेले आहे.

ज्या घरात पणजोबांनी विलायतेहून मागविलेली दुनळी रायफल, वडिलांनी सरकारी कारखान्याकडून घेतलेली ३१५ बोरची रायफल आणि एखादी बारा बोरची बंदूक अशी तीन शस्त्रे होती, त्या घराने कोणते दोन ठेवावेत? बारा बोरची बंदूक बहुधा राहणारच होती, कारण पिकाच्या राखणीला आणि घराच्या संरक्षणाला तीच उपयोगी. म्हणजे खरी निवड महागड्या आणि स्वस्त रायफलीमध्येच होती. प्रस्तुत लेखात या निवडीचा मागोवा घ्यावयाचा आहे, कारण हा प्रश्न २०१९ मध्ये प्रथमच पडला असे नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, विकत घेण्याच्या वेळीही, तो असाच पडलेला होता. फरक इतकाच की तेव्हा तो पैशांचा वाटत होता.

प्रारंभ आपल्याच भागापासून करू. पचमढीच्या संदर्भात कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. सातपुड्याच्या पठारांवरील त्यांचे पुस्तक १८७१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. त्याआधी १८६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या याच विषयावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते. तो काळ ठासणीच्या बंदुकीचा. लष्करात तेव्हा लांब पल्ल्याच्या, टोकदार गोळीच्या रायफलींचा बोलबाला होता. फोर्सिथ यांचे म्हणणे असे की, हिंदुस्थानच्या जंगलात सावज लांबून दिसतच नाही. गवतातून, झुडपातून ते अचानक समोर येते. म्हणून मोठ्या छिद्राची नळी, भरपूर दारू आणि वाटोळी गोळी हेच येथे अधिक कामाचे. त्यांची बंदूक कालबाह्य झाली, पण शिकार जवळून होते हे निरीक्षण टिकून राहिले, आणि पुढे लंडनच्या कारखानदारांनी याच निरीक्षणावर आपला व्यापार उभारला.

दुनळी रायफल एवढी महाग का, हे समजण्यासाठी तिची घडण पाहावी लागते. दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवून डाख दिला की काम झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात बार उडताना बंदूक मागे व वर उसळते. उजवी नळी उडाली तर किंचित उजवीकडे, डावी उडाली तर डावीकडे. त्यामुळे नळ्या अगदी समांतर जोडल्या तर दोन्ही गोळ्या एका जागी पडत नाहीत. त्या पुढच्या टोकाशी किंचित जवळ याव्या लागतात, आणि किती जवळ याव्यात हे गणिताने ठरत नाही. कारागीर नळ्या तात्पुरत्या जोडतो, मैदानात नेऊन बार काढतो, डाख वितळवून पाचर किंचित हलवतो, पुन्हा जोडतो, पुन्हा बार काढतो. दोन्ही नळ्यांच्या गोळ्या ठरलेल्या अंतरावर एकत्र पडेपर्यंत हे चालू राहते. यात काडतुसेही बरीच खर्ची पडतात आणि हे सारे एका विशिष्ट काडतुसासाठीच असते. गोळीचे वजन बदलले वा दारूचे प्रमाण बदलले की मेहनत वाया. शिवाय प्रत्येक नळीला स्वतंत्र चाप आणि स्वतंत्र खटका. एक बिघडला तरी दुसरा चालावा, म्हणून एका दस्त्यावर जणू दोन पूर्ण बंदुका बसविलेल्या असत. अक्रोडाचा दस्ता गिऱ्हाइकाच्या खांद्याच्या मापाने घडवायचा, पोलादावर नक्षी कोरायची, ही कामे निराळ्या हातांची. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड, रिग्बी, जेफ्री, वेस्टली रिचर्ड्स या नावांची किंमत होती ती या हातकामाची.

याच्या उलट जर्मनीतील ओबर्नडॉर्फ येथील मॉझर कारखान्याची १८९८ ची रचना. एक नळी, मागे सरकणारा बोल्ट, खाली पाच काडतुसांची पेटी. सगळे भाग यंत्रावर तयार होणारे, लष्करासाठी लाखांनी बनणारे. त्याच धर्तीवर शिकारी रायफल बनविणे कितीतरी स्वस्त पडे. १८९८ पासून पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत एका पौंडास पंधरा रुपये हा दर होता. त्या हिशेबाने लंडनच्या नामांकित दुनळीच्या किमतीत साध्या मॅगझिन रायफली चार-पाच तरी सहज आल्या असत्या. मुंबईच्या काळ्या घोड्याजवळ १८९१ पासून आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे दुकान होते, कलकत्त्यास मँटन आणि रॉडा यांची नामांकित दुकाने होती. संस्थानी मंडळी असोत वा नोकरदार, निवड करावयाची ती बहुधा यांच्या यादीवरून. यातील रॉडाचे नाव पुढे एका वेगळ्याच कारणाने इतिहासात गेले. २६ ऑगस्ट १९१४ रोजी त्यांचा पन्नास मॉझर पिस्तुले आणि शेचाळीस हजार काडतुसे असा माल क्रांतिकारकांनी भर दिवसा लांबविला.

येथे एक गंमत नोंदवतो. रिग्बी ही लंडनची कंपनी काही वर्षे मॉझरची इंग्लंडमधील प्रतिनिधी होती. म्हणजे रिग्बीच्या नावाने विकली जाणारी मॅगझिन रायफल आतून मॉझरचीच असे. बोल्ट तोच, पेटी तीच, पोलाद तेच. लंडनमध्ये तिला चांगली नळी बसे, चांगला दस्ता बसे, नेम तपासला जाई आणि नाव कोरले जाई. अशा रायफलीची किंमत दुनळी आणि साधी मॉझर यांच्या मधोमध कोठेतरी येई. पैशांच्या दृष्टीने विचार केला तर माझ्या मते त्या काळातील सर्वांत शहाणा सौदा हाच होता, आणि त्याला पुढे इतिहासाने दुजोराही दिला. तो कसा हे ओघाने येईलच.

आता हवामानाचा मुद्दा घ्यावा लागेल, कारण यादीतील किमतीत तो दिसत नसे. मध्य भारतात वाघाची मोठी शिकार उन्हाळ्यात होई. चैत्र-वैशाखात पाणवठे आटतात, गवत जळून जाते, पळसाची पाने झडतात आणि वाघ ठरावीक पाण्याजवळ सापडतो. पण हेच दिवस ग्वाल्हेर-शिवपुरीकडे अंगाची लाही करणारे. १८८९ नंतर काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट ही नवी धूररहित दारू आली. ती ताकदवान होती, परंतु उष्णतेने तिचा दाब वाढत असे. इंग्लंडच्या थंडीत नीट चालणारे काडतूस वैशाखाच्या उन्हात तापले की नळीच्या तोंडाशी अडकून बसे. बोल्ट ओढावा तर तो हलत नाही, आणि समोर जखमी वाघ! म्हणून कारखानदार उष्ण प्रदेशांसाठी कमी दारूची काडतुसे वेगळी बनवीत आणि दुनळ्या त्याच काडतुसांवर जुळवून देत. मोठ्या बोरच्या दुनळीचे काडतूस लांबलचक आणि कमी दाबाचे असल्याने ते सहसा अडकत नसे. १९११ मध्ये रिग्बीने .४१६ बोरचे मॅगझिन रायफलीचे काडतूस काढले, त्याचे कवच एवढे फुगीर ठेवले याचे एक कारण हेच उन्ह. तेव्हा दुनळीचे जादा पैसे केवळ नक्षीचे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. हाक्यात जखमी झालेल्या वाघाचा माग काढीत पायी गवतात शिरावयाचे असेल, तर पापणी लवते न लवते तोच निघणाऱ्या दुसऱ्या बारासाठी माणूस वाटेल तेवढी किंमत मोजील. १८९८ मध्ये रिग्बीने काढलेल्या .४५० नायट्रो एक्स्प्रेसची गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची होती. दहा पावलांवर तिच्यापुढे काही टिकत नसे.

परंतु असा गवतात शिरणारा किती जणांतला एक? आपल्या संस्थानांतील शिकारीची व्यवस्था आठवावी. ग्वाल्हेरचे माधवराव महाराज (कारकीर्द १८८६ ते १९२५) स्वतः नामांकित शिकारी होते. व्याघ्रशिकारीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले मार्गदर्शनपर पुस्तक १९२० साली प्रसिद्ध झाले. शिवपुरीच्या जंगलात पाहुण्यांना मचाणावर वा दगडी बुरजावर बसविले जाई, हाकारे वाघाला त्यांच्या समोर आणीत. पाहुणा सुरक्षित, अंतर ठाऊक, दिशा ठाऊक. अशा ठिकाणी साध्या रायफलीनेही काम व्हावे. पण तेथे दुनळी हा मानाचा भाग होता. सरकारी पाहुण्याच्या हाती लंडनचे नाव असलेली रायफल असणे हे शिष्टाचारात मोडे, आणि महाराजांचे पाहून सरदार, सरदारांचे पाहून मानकरी, अशी ती आपल्या घरांत आली. पैसे हातात असताना घेतली गेली, हे खरे. आवश्यकता म्हणून घेतली गेली, असे फारच थोड्या घरांबद्दल म्हणता येईल. ज्या महादजी शिंद्यांनी आग्र्यास सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडून युरोपीय तोडीच्या बंदुका नगास अवघ्या दहा रुपयांत तयार करून घेतल्या, त्यांच्याच दौलतीत हे घडावे, याची मौज वाटते. अर्थात ती युद्धाची बंदूक होती आणि ही शिकारीची, तरीही.

दुनळीवाल्यांना पहिला मोठा धक्का बसला तो वाघाकडून नव्हे, सरकारकडून. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकीचा बोर .४५० होता आणि त्या बंदुका सरहद्दीवर व इतरत्र बंडखोरांच्या हातांत पसरलेल्या होत्या. त्यांना गोळ्या मिळू नयेत म्हणून १९०७ मध्ये हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० बोरच्या रायफली व काडतुसे आणण्यास बंदी झाली. वाघ-गव्यासाठी सर्वोत्तम म्हणून गाजलेला बोर एका आज्ञेने बाद झाला. लंडनचे कारखानदार हुशार. हॉलंडने .४६५ काढली, जोसेफ लँगची .४७० लोकप्रिय झाली, .४७५, .५०० अशा बोरांची रांग लागली. बंदीच्या रेषेच्या जरा वर सरकून तेच सामर्थ्य त्यांनी नव्या नावाने विकले. मात्र ज्यांनी हजारांत पैसे मोजून .४५० घेतली होती त्यांच्यापुढे काडतुसांचा प्रश्न उभा राहिला. वर सांगितलेच आहे की दुनळी एकाच काडतुसावर जुळविलेली असते. ते मिळेनासे झाले की ती भिंतीवर टांगण्याचीच वस्तू.

कनिष्ठ किमतीच्या रायफलीलाही कायद्याने सोडले नाही. लष्कराचा चालू बोर .३०३. बर्मिंगहॅमचा बी.एस.ए. कारखाना लष्करी ली-एनफील्डच्या धर्तीवर उत्तम आणि स्वस्त शिकारी रायफल बनवी. परंतु १८५७ ची आठवण विसरू न शकलेल्या सरकारला लष्करी काडतूस प्रजेच्या हाती नको होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास परवाना सक्तीचा केला होता आणि युरोपियनांना त्यातून सूट होती, हे वाचकांस ठाऊक आहेच. तोड निघाली ती ऑस्ट्रियाच्या लष्कराच्या आठ मिलिमीटरच्या काडतुसातून. त्याचा तळ .३०३ च्या तळाशी इतका मिळताजुळता की थोड्या फेरफाराने तीच रायफल ते काडतूस घेई. आठ मिलिमीटर म्हणजे इंचात .३१५. आपल्याकडे जिला सर्रास ‘तीनशे पंधरा’ म्हणतात, तिचा जन्म असा दोन साम्राज्यांच्या संशयी स्वभावातून आणि एका बंदीतून झाला. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम, वेग बेताचा. हरणास, रानडुकरास पुरेशी, वाघास हात स्थिर असेल तर पुरेशी.

महाग आणि स्वस्त यांची परीक्षा प्रत्यक्ष रानात कशी झाली, याचे सर्वांत चांगले वर्णन ज्या वर्षी .४५० ची बंदी आली त्याच १९०७ सालातले आहे. कुमाऊंतील चंपावत येथे जिम कॉर्बेट यांनी नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळी होते, असे त्यांनी लिहिले आहे. हाक्याची व्यवस्था चंपावतच्या तहसीलदारांनी केली. आसपासच्या गावांतून माणसे जमविली, आणि ज्यांच्याकडे बिनपरवान्याच्या बंदुका असतील त्यांनी त्या खुशाल आणाव्यात, आपण डोळेझाक करू, असेही सांगितले. महसूल खात्यात आयुष्य घालविलेल्या माणसाला या डोळेझाकीचे मोल कळते. कॉर्बेटकडे .५०० बोरची कॉर्डाइट रायफल होती. शस्त्र उत्तम, पण त्यांनी काडतुसे बरोबर घेतली ती फक्त तीन. दोन वाघिणीसाठी आणि एक अडीअडचणीला, असा त्यांचा हिशेब. वाघीण समोर आली, तिन्ही बार झाले, ती जखमी झाली आणि उलटून उभी राहिली. उत्तम रायफल रिकामी! कॉर्बेट धावत तहसीलदारांकडे गेले आणि त्यांच्या हातातील बंदूक घेऊन परत आले. जवळ जाऊन पाहतात तो त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा भाग यांत चांगली फट. उडविताना आपल्याच तोंडावर फुटेल की काय, अशी अवस्था. तरीही त्यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी लागली ती पंजाला. सुदैवाने आधीच्या जखमांनी वाघीण तेवढ्यात कोसळली.

या प्रसंगातून कोणी दुनळीची महती सांगतो, कोणी स्वस्त बंदुकीची फजिती. मला त्यात काडतुसांची संख्या अधिक महत्त्वाची वाटते. मोठ्या बोरचे काडतूस विलायतेहून यायचे, महाग असायचे आणि जड असायचे. ते जपून वापरले जाई, सरावाला तर फारच थोडे. ज्या शस्त्राचा सराव परवडत नाही, त्या शस्त्राशी हात जुळत नाही, हा भाग यादीत छापलेला नसे.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेविट यांनी कॉर्बेट यांना रायफल भेट दिली. ती दुनळी नव्हती. ती होती रिग्बीची .२७५ बोरची मॅगझिन रायफल, म्हणजेच वर म्हटलेली, आतून मॉझर आणि बाहेरून लंडनची. दस्त्यावर चांदीची पट्टी, तीवर प्रसंगाची नोंद. वजनाला हलकी, डोंगर चढताना खांद्याला न जाचणारी, काडतूस लहान. कॉर्बेट यांच्याकडे पुढे जेफ्रीची .४५०/४०० बोरची दुनळीही होती आणि गरज पडे तेथे ते ती वापरीत. पण रुद्रप्रयागच्या ज्या बिबळ्याने आठ वर्षांत सव्वाशे माणसे मारली, तो १९२६ च्या मे महिन्यात पडला तो या हलक्या रिग्बीने, रात्री, विजेरीच्या क्षणभराच्या उजेडात.

हैदराबादच्या वाचकांसाठी दुसरे उदाहरण अधिक जवळचे ठरेल. केनेथ अँडरसन १९१० साली सिकंदराबादजवळ बोलारम येथे जन्मले, बंगलोरला स्थायिक झाले आणि आयुष्यभर पगारावर जगले. त्यांची १९५४ पासून प्रसिद्ध झालेली शिकारकथांची पुस्तके आपल्याकडेही बऱ्याच घरांत वाचली गेली. या कथांतून वारंवार येणारी रायफल म्हणजे अमेरिकन विंचेस्टरची १८९५ च्या नमुन्याची .४०५. जॉन ब्राउनिंगने रचलेली, चापाखालची दांडी खालीवर करून काडतूस भरणारी, यंत्रावर बनलेली, देखणेपणाचा कसलाही दावा नसलेली. गोळी ३०० ग्रेनची, साडेएकोणीस ग्रॅम. याच नमुन्याची रायफल थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये आफ्रिकेत नेली होती. त्यांच्याजवळ इंग्लंडमधील मित्रांनी वर्गणी काढून दिलेली हॉलंडची दुनळीही होती, आणि सिंहांसाठी त्यांची पसंती विंचेस्टरला. राष्ट्राध्यक्षपदावरून उतरलेल्या माणसाला दोन्ही परवडत होत्या. अँडरसनना एकच, आणि ती त्यांनी वर्षानुवर्षे वापरली. कर्नाटक-तमिळनाडूच्या जंगलांतील नरभक्षकांना तिची किंमत ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

स्वातंत्र्यानंतर तराजू पूर्णच फिरला. बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखाना १९०४ पासूनचा. तेथे ली-एनफील्डच्याच धर्तीवर ३१५ बोरची शिकारी रायफल नागरिकांसाठी बनू लागली, आणि तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात. काडतुसाच्या बुडाशी ‘के.एफ.’ ही अक्षरे असतात ती कर्की फॅक्टरीची, म्हणजे खडकीची. ही रायफल ओबडधोबड होती. बोल्ट कडक, दस्त्याचे लाकूड सामान्य, चाप ओढायला जड. ज्यांनी लंडनचा दस्ता हाताळला होता ते तिला नाके मुरडीत. परंतु परवान्यावर काडतुसे मिळत होती ती तिचीच. इंग्लंडमध्ये कायनॉक कंपनीने १९६० च्या दशकात मोठ्या बोरची काडतुसे बनविणे हळूहळू बंद केले. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींना शस्त्रांची आयात बंद झाली. मोठ्या बोरच्या दुनळ्या त्यामुळे एकेक करीत मुक्या झाल्या. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम झाला, आणि ज्या एका कामासाठी ती रायफल घडविली होती ते कामच राहिले नाही. तसे व्हायला हवेच होते; शिवपुरीच्या जंगलातील वाघ त्या काळापर्यंत संपले होते. मार्च २०२३ मध्ये तेथे बाहेरून वाघ आणून सोडावे लागले आणि मार्च २०२५ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यानास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

तीनशे पंधराचे मात्र शिकारीवाचून काही अडले नाही. चंबळच्या खोऱ्यात बंदूक ही शिकारीपेक्षा प्रतिष्ठेची आणि संरक्षणाची वस्तू. शासकीय सेवेत शस्त्रपरवान्यांच्या फायली काही काळ माझ्या टेबलावरून गेल्या. अर्जातील कारण बहुधा ‘आत्मरक्षा’ किंवा ‘फसलरक्षा’, आणि बोरच्या रकान्यात ‘बारा’ नाही तर ‘३१५’. परवान्याची ओढ या भागात इतकी की २००८ मध्ये शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्या पुरुषांना बंदुकीच्या परवान्यासाठी अग्रक्रम देण्याची योजना निघाली आणि तिला प्रतिसादही मिळाला. त्या बातमीवर देशभर विनोद झाले. येथे कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही.

अशा पार्श्वभूमीवर २०२० साल उजाडले. १३ डिसेंबर ही जमा करण्याची अखेरची तारीख होती, आणि मध्ये महामारीचे महिने गेले. माझ्या परिचयातील घरांत चर्चा झाल्या त्या ऐकण्यासारख्या होत्या. थोरल्यांना दुनळी ठेवायची होती. तिच्यावर पणजोबांच्या नावाची आद्याक्षरे आहेत, तिची पेटी अजून कातडी आहे, आतल्या झाकणावर लंडनचा पत्ता छापलेला आहे. धाकट्यांचा युक्तिवाद साधा: तिची काडतुसे चाळीस वर्षांत कोणी पाहिलेली नाहीत; उद्या निलगाईंचा कळप शेतात आला किंवा रात्री कोणी फाटकापाशी आले, तर तीनशे पंधरा तरी वाजेल. एका ठिकाणी सुनेने विचारले की, जी रायफल उडवता येत नाही तिचे परवाना-नूतनीकरण आणि पोलीस तपासणी आपण इतकी वर्षे कशासाठी करीत आलो? यावर घरात कोणाकडे उत्तर नव्हते. बहुतेकांनी शेवटी तीनशे पंधरा आणि बारा बोर ठेवली. दुनळी विक्रेत्याकडे जमा झाली. काहींना दुसरा परवानाधारक गिऱ्हाईक मिळाला, तोही पडत्या भावाने. एका घराने मात्र उलट केले. दुनळी ठेवली, तीनशे पंधरा दिली, आणि काडतुसाविना ती रायफल आजही वर्षातून दोनदा तेल देऊन पुसली जाते. मला विचाराल तर मी धाकट्यांच्या बाजूचा. पण त्या घरी गेलो की ती पेटी उघडून पाहिल्याशिवाय माझाही पाय निघत नाही.

कॉर्बेट यांच्या दोन रायफलींचे पुढे काय झाले ते येथे सांगण्यासारखे आहे. जेफ्रीची दुनळी फिरत फिरत अमेरिकेत पोहोचली आणि २०१५ मध्ये लिलावात अडीच लाख डॉलरांहून अधिक किमतीस विकली गेली. हलकी रिग्बी, जी मुळात मध्यम किमतीची होती, ती रिग्बी कंपनीने स्वतःच परत मिळविली आणि २०१६ मध्ये कुमाऊंत आणून लोकांना दाखविली. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या शस्त्राला संग्राह्य वस्तू म्हणून बाजार आहे. आपल्या परवान्याच्या पुस्तिकेत बोर, क्रमांक आणि काडतुसांची संख्या एवढ्याच गोष्टींना जागा आहे.

राहता राहिले चंपावतचे तहसीलदार. हेविटसाहेबांनी नैनितालच्या दरबारात त्यांनाही एक बंदूक दिली होती, नाव कोरून. ती त्या घराण्यात पिढ्यानुपिढ्या वारशाने चालत जाईल, असे कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे. ती आज त्या घरात असेल, तर २०१९ च्या अधिनियमाप्रमाणे तीही दोनांतच मोजली जाते.